लग्न कुठे करायचं, हे त्यांना ठरवू द्या

प्रति,
नोंदणी महानिरीक्षक व मुद्रांक नियंत्रक, महाराष्ट्र राज्य, पुणे
विदेशी नागरिक विभाग, केंद्रीय गृह मंत्रालय, नवी दिल्ली
केंद्रीय विधी व न्याय मंत्रालय, नवी दिल्ली
परराष्ट्र मंत्रालय, नवी दिल्ली

विषय : भारतीय आणि परदेशी नागरिकांचे विवाह व त्यानंतरचा व्हिसा

महोदय, महोदया,

मी पुण्यात वकिली करते. विवाह नोंदणीची आणि त्यापुढच्या व्हिसाच्या कागदांची कामं माझ्याकडे बरीच येतात. समोर बसलेल्या दोघांपैकी एकाचा पासपोर्ट भारताचा असतो, दुसऱ्याचा जर्मनीचा, अमेरिकेचा, कधी ब्राझीलचा. लग्न कुणाशी करायचं हे त्यांचं ठरलेलं असतं. घरच्यांचा रुसवाफुगवाही बहुतेक वेळा ओसरलेला असतो. तरी पहिला प्रश्न हाच येतो : "मॅडम, आम्ही लग्न कुठे करू?" कुठल्या देशात सही केली तर कागद लवकर मिळेल, त्या कागदावर कुठे एकत्र राहता येईल आणि तोवर किती महिने ताटातूट होईल, हे त्यांना विचारायचं असतं. चार कार्यालयांत चार वेगळी उत्तरं मिळाल्यावर ती माझ्यापर्यंत पोहोचलेली असतात.

हे पत्र आपणा सगळ्यांना एकत्र लिहिण्याचं कारण तेच आहे. विवाह अधिकारी राज्याचा, व्हिसा गृह खात्याचा, कायदा विधी मंत्रालयाचा आणि कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून त्यावर लागणारा ॲपोस्टिलचा शिक्का परराष्ट्र खात्याचा. प्रत्येक जण आपल्या खिडकीपुरतं पाहतो. एका खिडकीवरची मुदत दुसऱ्या खिडकीवरच्या मुदतीशी जुळते का, हे पाहायची जबाबदारी कुणाचीच नाही. ती जबाबदारी सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या मुलामुलींवर येऊन पडते. त्यांनी निवडलेला मार्ग चुकला, तर त्याची किंमत पुढची दोन-तीन वर्षं तीच मोजतात.

परदेशी जोडीदाराशी भारतात लग्न करायचं, तर सरळ मार्ग 1954 च्या विशेष विवाह कायद्याचा. त्याचं कलम 5 सांगतं की, ज्या जिल्ह्यात नोटीस द्यायची, तिथे दोघांपैकी किमान एकाने नोटिशीच्या लगेच आधी 30 दिवस राहिलेलं असावं. नोटीस लागल्यावर आणखी 30 दिवस थांबायचं, कारण कलम 7 प्रमाणे तेवढ्या काळात कुणालाही हरकत घेता येते. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न लागलं नाही, तर ती नोटीस रद्द होते आणि सगळं पहिल्यापासून. थोडक्यात, एकतिसाव्या दिवसापासून तीन महिने पुरे होईपर्यंतची जी खिडकी उरते, तिच्यात लग्न बसवायचं.

आता याच्या शेजारी व्हिसा ठेवून पाहा. पहिल्यांदा येणारा मुलगा बहुतेकदा 30 दिवसांचा ई-पर्यटक व्हिसा घेतो, कारण तोच स्वस्त आणि झटपट मिळणारा. उतरल्यावर तिसऱ्या दिवशी जरी नोटीस दिली, तरी व्हिसा आधी संपतो आणि नोटिशीची मुदत नंतर. एक किंवा पाच वर्षांचा ई-पर्यटक व्हिसा घेतला तर बहुतेक देशांच्या नागरिकांना सलग 90 दिवस राहता येतं. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि जपानच्या नागरिकांना 180. म्हणजे वाट आहे, पण ती व्हिसाचा अर्ज भरण्याआधीच कळायला हवी. विवाह नोंदणी कार्यालयात ती कुणी सांगत नाही आणि व्हिसाच्या अर्जात लग्नाच्या नोटिशीबद्दल अवाक्षर नसतं. शिवाय महिना-सव्वा महिना सलग रजा किती जणांना मिळते? मग मुलगा दोनदा येतो, एकदा सहीसाठी आणि एकदा लग्नासाठी. ज्याला दोन विमानभाडी परवडत नाहीत तो दुसरा देश शोधतो.

नोंदणी महानिरीक्षकांना माझी पहिली विनंती इथेच आहे. कायदा "किमान एकाने" म्हणतो. मुलगी हडपसरला राहते, भाडेकरार तिच्या नावावर, आधारवर तोच पत्ता. कायद्याची अट तिथे पुरी होते. तरीही काही कार्यालयांत परदेशी मुलाकडेही 30 दिवसांच्या रहिवासाचा पुरावा मागतात. तो मुलीच्या आईवडिलांकडे उतरलेला असेल, तर पुराव्यासाठी सी-फॉर्म दाखवा म्हणतात. परदेशी पाहुणा घरी उतरला की 24 तासांत सी-फॉर्म भरायचा असतो, हे हॉटेलवाल्यांना पाठ असतं. इस्लामपूरच्या निवृत्त मुख्याध्यापकांना ते कुठून ठाऊक असणार? कायद्याने न मागितलेला पुरावा नाही म्हणून नोटीस परत आली आणि तिकीट वाया गेलं, असं मी पाहिलं आहे. परतीचं विमान चुकवून मुलाने थांबावं, तर व्हिसाची मुदत आडवी येते.

नोटीस देताना दोघांनी समोर उभं राहिलंच पाहिजे असं कलम 5 म्हणत नाही. नोटीस लेखी हवी आणि दुसऱ्या अनुसूचीतल्या नमुन्यात हवी, एवढंच ते म्हणतं. मग परदेशातल्या जोडीदाराने तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात सही साक्षांकित करून पाठवली, तर ती का चालू नये? 2021 मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने परदेशात असलेल्या जोडप्याला याच कायद्याखालची विवाह नोंदणी व्हिडिओद्वारे करू दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. तिथे प्रश्न नोंदणीचा होता. नोटीस ही त्याआधीची आणि त्याहून साधी पायरी. महाराष्ट्रात यासाठी कायदा बदलावा लागणार नाही, परिपत्रक पुरेल. दूतावासात सही झाली, 30 दिवस सरले की मुलगा लग्नालाच येईल. एक फेरी, दोन आठवड्यांची रजा, आणि 30 दिवसांच्या व्हिसातही लग्न बसेल.

दुसरा अडथळा अविवाहित असल्याच्या दाखल्याचा. बऱ्याच ठिकाणी परदेशी जोडीदाराकडे "दूतावासाचं ना हरकत प्रमाणपत्र" मागतात. अमेरिकेचं सरकार असं प्रमाणपत्र कुणालाच देत नाही, कारण तिथे विवाहांची देशपातळीवरची नोंदवहीच नाही. त्यांचा दूतावास फार तर नागरिकाने स्वतः शपथेवर केलेलं निवेदन साक्षांकित करतो. काही कार्यालयं हे निवेदन घेतात, काही "हे ना हरकत नाही" म्हणून परत करतात. एकाच राज्यात, एकाच कायद्याखाली, दोन जिल्ह्यांत दोन नियम कसे असतील? कुठल्या देशाच्या नागरिकाकडून कोणता कागद घ्यायचा याची यादी महानिरीक्षकांच्या सहीने निघाली, तर खिडकीवरच्या कर्मचाऱ्याचीही सुटका होईल. त्यांना मी दोष देत नाही. चुकीचा कागद स्वीकारला तर उद्या जाब त्यांना द्यावा लागतो आणि लेखी आधार त्यांच्या हातात काही नाही.

हा मार्ग असा अडला की माणसं आडवाट शोधतात. सर्वांत धोक्याची आडवाट आपल्याकडे अगदी सहज सुचवली जाते : "देवळात लावून टाका, नोंदणी करून देतो." 1955 चा हिंदू विवाह कायदा दोघेही हिंदू असतील तरच लागू होतो, बौद्ध, जैन आणि शीख त्या कायद्यापुरते त्यात येतात. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिंदू आणि ख्रिश्चन यांचं या कायद्याखाली लागलेलं लग्न मुळातच अवैध ठरवलं. त्या लग्नाची नोंदणी झालेली होती, तरीही. मग घाईघाईने परदेशी मुलाचं धर्मांतर दाखवणारा कागद करतात. ज्याला त्या धर्माची ओढ नाही, त्याच्याकडून व्हिसासाठी असा कागद करून घेणं मला धर्माचा आणि त्या मुलाचाही अपमान वाटतो. कायद्याच्या दृष्टीनेही तो कच्चा पाया आहे.

दुसरी आडवाट तर दोन्ही बाजू मराठी असलेल्या घरांतही रुळली आहे. मुलगा परदेशात नोकरीला, हॉल मिळाला आहे पुढच्या मे महिन्याचा, आणि व्हिसाचा अर्ज आत्ताच करायचा आहे. मग लग्न न लावताच एखाद्या संस्थेकडून "विवाह संपन्न झाला" असं प्रमाणपत्र घेतात, त्यावर नोंदणी करतात आणि सप्तपदी नंतर करू म्हणतात. एप्रिल 2024 मध्ये न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठासमोर असंच एक प्रकरण आलं. विधी झालेच नव्हते, प्रमाणपत्र आणि नोंदणी मात्र होती. न्यायालयाने तो विवाह झालाच नाही असं ठरवलं, आणि परदेशी जाण्याचा व्हिसा मिळवण्यासाठी अशी आगाऊ नोंदणी करण्याच्या प्रवृत्तीवर स्पष्ट शब्दांत नापसंती नोंदवली. या निकालाचा अर्थ घराघरांत पोहोचायला हवा. आगाऊच करायचं असेल, तर विशेष विवाह कायद्याखाली करा. तिथे विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर केलेला उच्चार हाच विवाह असतो, आणि कलम 13 प्रमाणे त्याचं प्रमाणपत्र हा त्या विवाहाचा निर्णायक पुरावा. मग मे महिन्यात अक्षता टाका, मुंडावळ्या बांधा, पंगती उठवा. पण लोकांना हे वकिलाला पैसे देऊन का कळावं? विवाह नोंदणीच्या अर्जावर चार ओळींत छापता येईल.

गोव्याबद्दल एकच सांगते, कारण किनाऱ्यावर मांडव घालायचा हट्ट मुलांचा असतो. तिथे नागरी निबंधकापुढे आधी विवाहाच्या इराद्याची सही होते आणि काही दिवसांनी दुसरी. वाळूतला समारंभ कितीही देखणा झाला, तरी या सह्यांवाचून व्हिसा अधिकाऱ्यापुढे ठेवायला हाती काही येत नाही.

आपली दिरंगाई परदेशातल्या मार्गाची निवड कशी बदलते, ते अमेरिकेच्या उदाहरणात स्वच्छ दिसतं. अमेरिकी नागरिकाशी लग्न ठरलेल्या मुलीपुढे मुख्यतः दोन वाटा असतात. के-1 हा वाग्दत्त जोडीदाराचा व्हिसा. त्यासाठी अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत दोघं प्रत्यक्ष भेटलेली असावी लागतात. मुलगी तिथे उतरल्यावर 90 दिवसांत लग्न व्हावं लागतं, आणि मग ग्रीन कार्डासाठी पुन्हा वेगळा अर्ज, वेगळं शुल्क. 1 एप्रिल 2024 च्या दरपत्रकात ते 1,440 डॉलर होतं. कामाचा परवाना हाती येईपर्यंत नोकरी नाही. प्रवासाची परवानगी येण्याआधी देश सोडला, तर ग्रीन कार्डाचा अर्ज सोडून दिला असं धरतात. घरी आई आजारी पडली, तरी मुलगी येऊ शकत नाही. दुसरी वाट पत्नी म्हणून जाण्याची, सीआर-1. आधी इथे लग्न, मग नवऱ्याचा आय-130 अर्ज, मुंबईच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात मुलाखत. आणि मुलगी तिथे उतरते ती कायमची रहिवासी म्हणूनच. पहिल्या दिवसापासून नोकरी करू शकते, येऊ-जाऊ शकते. विवाहाला दोन वर्षं झालेली नसतील तर कार्ड दोन वर्षांचं मिळतं, आणि त्याच्या शेवटच्या 90 दिवसांत अट काढून घेण्याचा अर्ज करायचा असतो.

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलींना मी दुसरी वाट सुचवते. शिकलेल्या, कमावत्या मुलीला परक्या देशात महिनोन्‌महिने हात बांधून बसवणं फार वाईट. मैत्रिणी नाहीत, पगार नाही, बँकेत स्वतःचं खातं नाही, आणि राहण्याचा हक्क नवऱ्याच्या अर्जावर टांगलेला. पण दुसऱ्या वाटेला आधी विवाहाचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते मिळवायला मुलाला दोनदा यावं लागतं किंवा महिनाभर थांबावं लागतं. ते जमत नाही म्हणून मुलगी के-1 निवडते. म्हणजे हडपसरच्या मुलीचं टेक्सासमधलं पहिलं वर्ष कसं जाईल, याचा निकाल इथल्या एका विवाह नोंदणी कार्यालयातल्या रजिस्टरावर लागतो. हा संबंध तुमच्या ध्यानात यावा म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

दोन्ही वाटा एकत्र करण्याची हौस तर घात करते. "जायच्या आधी देवळात चार लोकांत लग्न लावू, मग के-1 वर पाठवू," असं आजी म्हणते आणि कुणाला नाही म्हणवत नाही. के-1 हा लग्न न झालेल्यांसाठी आहे. साखरपुड्याच्या फोटोत एकमेकांना हार घातलेले दिसले, तरी मुलाखतीत प्रश्नांची फैर झडू शकते. पर्यटक व्हिसावर जाऊन तिथेच लग्न करून राहायचं असं आधीच ठरवून निघणं त्याहून वाईट. येण्याचा हेतू खोटा सांगितल्याचा ठपका बसला, तर तो पुढच्या प्रत्येक अर्जाला आडवा येतो.

जर्मनीची गोष्ट निराळी, आणि तिथे परराष्ट्र मंत्रालयाशी मला बोलायचं आहे. पुण्यात जर्मन शिकणारी पोरं पुष्कळ. मॅक्स म्युलर भवनात ए-1 परीक्षा देणाऱ्यांत पती-पत्नी व्हिसासाठी बसलेलेही असतात, कारण 2007 पासून जर्मनीने त्या व्हिसासाठी प्राथमिक भाषाज्ञानाची अट ठेवली आहे. भाषा मुली शिकतात. अडतं ते कागदांपाशी. भारत 2005 मध्ये ॲपोस्टिल करारात सामील झाला, पण जर्मनीने भारताच्या प्रवेशाला हरकत घेतली. त्यामुळे आपल्या मंत्रालयाचा ॲपोस्टिलचा शिक्का जर्मनीत चालत नाही. मुलीचा जन्मदाखला खरा आहे का, ती खरोखर अविवाहित आहे का, हे तपासायला जर्मन दूतावास इथल्या वकिलामार्फत चौकशी करवतो. शाळेत, नगरपालिकेत, कधी शेजारीपाजारीही. त्यात महिने जातात. मग जर्मनीत आधीपासून शिकत वा नोकरी करत असलेली भारतीय मुलं आपल्या जर्मन जोडीदाराला घेऊन डेन्मार्क गाठतात. 2019 पासून तिथे कौटुंबिक बाबींचं एक मध्यवर्ती कार्यालय परदेशी जोडप्यांचे कागद तपासतं, परवानगी देतं आणि ठरल्या मुदतीत एखाद्या छोट्या गावाच्या नगरपालिकेत लग्न लागतं. जर्मनी ते मान्य करते. चिपळूणची मुलगी आणि लाइपझिगचा मुलगा, लग्न मात्र दोघांचंही कुणी नसलेल्या एखाद्या डॅनिश बेटावर. आईवडील मोबाइलच्या पडद्यावर अक्षता टाकतात.

आपल्या कागदांवर दुसऱ्या देशाचा विश्वास बसत नाही, याला आपणही जबाबदार आहोत. मुलीच्या जन्माच्या नोंदीत नावाचा रकाना कोरा असतो, कारण बारशाआधीच नोंद झालेली. शाळा सोडल्याच्या दाखल्यात नाव एका तऱ्हेने, पासपोर्टात दुसऱ्या. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं, आणि आडनावही बदललेलं. परदेशातल्या कारकुनाला त्या दोन वेगळ्या बायका वाटतात. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कुठला कायदा नाही, हे मी प्रत्येक मुलीला सांगते. पण विवाह प्रमाणपत्रावर आधीचं नाव पासपोर्टातल्या अक्षरांबरहुकूम छापलं गेलंच पाहिजे, अशी सक्ती तुम्ही करू शकता. आणि अविवाहित असल्याच्या दाखल्यासाठी राज्यात एकच ठरलेलं कार्यालय, एकच नमुना असावा. आज नोटरीपुढचं प्रतिज्ञापत्र, मग राज्याचा शिक्का, मग दिल्लीचा, अशी रांग लावून जो कागद तयार होतो त्यात सरकार स्वतः काहीच तपासत नाही. मग जर्मन दूतावासाने त्यावर का विसंबावं? सरकारने आपल्या विवाह नोंदींशी ताडून दिलेला दाखला असेल, तर हरकत मागे घ्या असं बर्लिनला सांगायला तुम्हाला तोंड असेल.

विधी मंत्रालयाला नोटिशीबद्दल सांगायचं आहे. कलम 6 प्रमाणे नोटीस कार्यालयात ठळक जागी लावतात, आणि एखाद्याचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर प्रत तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडेही जाते. पुण्यात स्वतःच्या पायांवर उभ्या असलेल्या मुलीचं लग्न तिने सांगायच्या आधी गावाला कळतं. हरकतीची कारणं कलम 4 मध्ये मोजकीच आहेत : आधीचं लग्न, वय, संमती, निषिद्ध नातं. त्यासाठी नाव-पत्ता भिंतीवर लावायची गरज नाही. नोंदी तपासून हे कळतं. 2020 मध्ये केरळने अशा नोटिसा संकेतस्थळावर टाकणं बंद केलं, कारण त्यातून जोडप्यांना त्रास दिला जात होता. जानेवारी 2021 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने नोटीस प्रसिद्ध करणं जोडप्याच्या इच्छेवर सोडलं. मग महाराष्ट्रातल्या मुलीने लग्नासाठी लखनऊला जावं का? कायद्यातच दुरुस्ती करा. ज्यांचे कागद पुरे आहेत त्यांना 30 दिवस ताटकळत ठेवण्याचं कारण तेव्हा उरणार नाही.

लग्न होतं. पुढे जे भारतात राहायचं ठरवतात त्यांचं काय? गृह मंत्रालयाने इथे नीट लक्ष द्यावं. भारतीयाच्या परदेशी जोडीदाराला एक्स-2 हा प्रवेश व्हिसा मिळतो. त्यावर राहता येतं, नोकरी करता येत नाही. नागरिकत्व कायद्याच्या कलम 7अ प्रमाणे ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकाचं, कार्ड मागायचं तर विवाह नोंदलेला असावा लागतो आणि सलग दोन वर्षं टिकलेला. त्याआधी सुरक्षा तपासणी. नागरिकत्वच हवं, तर इथे सात वर्षं वास्तव्य. तपासणीला माझा विरोध नाही. खोटी लग्नं होतात, ती पकडलीच पाहिजेत. पण खऱ्या नवऱ्याला दोन वर्षं कमावू न देऊन खोटा नवरा पकडला जातो, हे मला पटत नाही. संसाराच्या पहिल्या दोन वर्षांत घरातला एक माणूस सक्तीने रिकामा बसतो. मग तेच जोडपं बॅग भरून परदेशी जातं, आणि आपण म्हणतो, मुलं इथे राहत नाहीत.

महाराष्ट्राला तरी हे शोभत नाही. स्वित्झर्लंडच्या नॉशातेलमध्ये 1913 साली जन्मलेली मुलगी विक्रम खानोलकरांशी लग्न करून सावित्रीबाई खानोलकर झाली आणि तिने परमवीर चक्राचं रेखाटन केलं. अमेरिकेत जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी निंबकरांच्या घरात येऊन कमलाबाई झाल्या. 1950 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी व्यवसायोपचाराचं पहिलं विद्यालय उभं केलं. गेल ऑम्वेट मिनियापोलिसहून आल्या, भारत पाटणकरांशी लग्न करून कासेगावात राहिल्या, 1983 मध्ये भारताच्या नागरिक झाल्या, आणि महात्मा फुल्यांच्या चळवळीवर त्यांनी केलेलं काम वगळून या विषयावर कुणाला लिहिता येत नाही. आजच्या नियमांत कमलाबाईंना एक्स-2 व्हिसावर पहिली दोन वर्षं रुग्णालयात पगारी काम धरता आलं नसतं. ओसीआय कार्ड मिळाल्यावरही संशोधनासाठी आणि पत्रकारितेसाठी वेगळी परवानगी लागते, असं 4 मार्च 2021 ची अधिसूचना सांगते; म्हणजे गेलताईंना कासेगावच्या शेतमजूर बायकांशी बोलायला अर्ज करावा लागला असता. या बायका इथे आल्या, राहिल्या, काम करू शकल्या, म्हणून आपल्याला मिळाल्या. आज ज्या येऊ पाहतात, आणि आता जे नवरेही येऊ पाहतात, त्यांच्यातलं कोण काय देऊन जाईल हे कुठल्याच व्हिसा अधिकाऱ्याला आधी कळणार नाही. एक्स-2 व्हिसावर पहिल्या दिवसापासून काम करण्याची मुभा द्या, ही माझी मागणी आहे.

आणि ज्यांना मी काहीच सांगू शकत नाही अशीही जोडपी माझ्याकडे येतात. दोन पुरुष, किंवा दोन स्त्रिया. एक इथली, एक तिथली. तिकडच्या देशात त्यांचं लग्न कायदेशीर. सर्वोच्च न्यायालयाच्या 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालानंतर भारतात विशेष विवाह कायदा त्यांना उपलब्ध नाही, आणि एक्स-2 व्हिसाही जोडीदार म्हणून मिळत नाही. एकाने पर्यटक म्हणून यायचं, मुदत संपली की निघून जायचं. म्हाताऱ्या आईला सोडून परदेशी जाऊ शकत नाही असं एक मुलगा मला म्हणाला. त्याच्यासाठी कुठलाच अर्ज माझ्या कपाटात नव्हता. संसदेने त्यांच्या विवाहाचा प्रश्न सोडवेपर्यंत निदान परदेशात झालेला कायदेशीर विवाह किंवा सहजीवनाचा पुरावा पाहून राहण्याचा व्हिसा देणं गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे.

कायदादुरुस्तीला वेळ लागेल हे मला कळतं, जर्मनीशी बोलणीही दोन दिवसांत होणार नाहीत. नोंदणी महानिरीक्षकांच्या हातात मात्र आजच बरंच आहे. दूतावासात साक्षांकित केलेली नोटीस स्वीकारावी. रहिवासाचा पुरावा एकाचाच मागावा. अमेरिकेसारख्या देशांच्या नागरिकांचं शपथेवरचं निवेदन पुरेसं मानावं. प्रमाणपत्रावरचं नाव पासपोर्टाप्रमाणे असावं. आणि हे सगळं मराठी आणि इंग्रजीत प्रत्येक विवाह नोंदणी कार्यालयाच्या दारावर लावावं, सोबत कोणता व्हिसा घेऊन यावं याच्या दोन ओळी. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात आणि परदेशातली मुलं तिकिटं त्याच्या तीन-चार महिने आधी काढतात. परिपत्रक त्या बेतानं, आषाढ संपायच्या आत निघावं. मसुद्यासाठी मदत हवी असेल, तर मी आणि हे काम करणारे माझे सहकारी विनामोबदला यायला तयार आहोत.

आपली,
पुण्यातली एक वकील